वार, डबा आणि खाडे

मेसच्या रजिस्टरात शेवटून दुसरा रकाना खाड्यांचा. मेंबर जितके दिवस जेवायला आला नाही तितके खाडे. महिनाअखेरीला ते बिलातून वजा व्हायचे. मात्र सलग तीन दिवस गैरहजर असल्याशिवाय आमच्याकडे खाडा धरत नव्हते, आणि आदल्या रात्री आचाऱ्याला सांगितलेलं नसेल तर मुळीच नाही. मी कॉलेजात इतिहास शिकवला आणि त्यातली एकोणीस वर्षं वसतिगृहाचा रेक्टर होतो. रेक्टरकी कुणालाच नको असते, म्हणून ती माझ्याकडे आली आणि राहिली. विद्यापीठाच्या वार्षिक अहवालात परीक्षेला किती बसले, किती पास झाले हे सगळं असतं. त्याआधी ही मुलं जेवायला कुठं बसत होती, ते नसतं. ते शोधायचं तर असली रजिस्टरं चाळावी लागतात, नाहीतर म्हाताऱ्या माणसांजवळ बसावं लागतं.

असा एक म्हातारा माणूस मला १९७६ साली पुण्यात भेटला. एम.ए.साठी मी सदाशिव पेठेत एका वाड्यात कॉट घेतली होती. घरमालकांना सगळे आजोबा म्हणत. वय पंचाहत्तरीच्या आसपास. कोकणातून पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पुण्याला शिकायला आलेले, आणि वार लावून जेवलेले. 'वार लावून जेवणं' हा शब्दप्रयोग मी पुस्तकात वाचला होता. तसा जेवलेला माणूस पहिल्यांदा पाहत होतो.

ज्यांना ही पद्धत माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गरीब विद्यार्थ्यानं आठवड्यातला एकेक वार एकेका घरी जेवायचं. सोमवार वकिलांकडे, मंगळवार कुणा मास्तरांकडे, असे सात दिवसांचे सात उंबरे. सातही वार लागले तर तो भाग्यवान. एखादा मोकळा राहिला तर त्या दिवशी माधुकरी, म्हणजे सोवळं नेसून, झोळी आणि आमटीसाठी भांडं घेऊन दारोदार 'भवति भिक्षां देहि' म्हणायचं. नाहीतर फुटाणे खाऊन पाणी प्यायचं. घरात सुतक आलं की वार बंद. यजमानांची बदली झाली की वार गेला. लग्नकार्य निघालं तर मात्र चैन, त्या आठवड्यात दोन वेळा गोड.

आजोबांनी मला सातही घरं क्रमानं सांगितली. कुठल्या आमटीत गूळ जास्त, कुठं तूप ताकाच्या पळीनं वाढायचे आणि कुठं ते नुसतं दाखवायचे, हे साठ वर्षांनी त्यांच्या तोंडपाठ होतं. पण त्यांचा खरा राग होता बुधवारवर. मला ते 'कोल्हापूरकर' म्हणत. "बुधवारचं घर मोठं हो, कोल्हापूरकर. पण पान उशिरा पडायचं. आधी घरचे पुरुष, मग मुलं, मग आम्ही. एक वाजून जायचा." दुपारचं पहिलं लेक्चर एकला. बुधवारी ते हटकून बुडे. हजेरी कमी भरली आणि इंटरच्या वर्षाला त्यांची एक टर्म गेली. टर्म गेली म्हणजे परीक्षेचा फॉर्म नाही, म्हणजे वर्ष गेलं. कॉलेजच्या कागदावर कारण काय पडलं असेल? 'गैरहजर'. "उठून जावं तर अन्नाचा अपमान, बसावं तर टर्म जाते. आम्ही बसलो," आजोबा म्हणाले.

जुन्या पाठशाळेच्या रीतीत विद्यार्थ्याला जेवू घालणं हे गुरूचं आणि गावाचं काम होतं. इंग्रजांनी १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत कॉलेज काढलं, तेही पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशातूनच. पण १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर: परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची. पोरगं कुठं राहतं, काय खातं, हा त्याचा विषय नव्हता. १८६२ साली रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक हे पहिले चार बी.ए. बाहेर पडले आणि घरोघरच्या आयांना कळलं की ही नवी वाट मामलेदारीपर्यंत जाते. मग मुलं निघाली. रत्नागिरीहून, वाईहून, नगरहून. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे थोरले बंधू गोविंदराव कागलला महिना १५ रुपयांवर नोकरी करत आणि त्यातले ८ रुपये शिकणाऱ्या धाकट्याला पाठवत. निम्म्याहून जास्त पगार! उरलेल्या सातांत गोविंदरावांचा संसार. गोखल्यांच्या अर्थसंकल्पावरच्या भाषणांचं कौतुक आपण खूप करतो. त्यांना हिशेब आधी कुणी शिकवला, हे मला त्या ८ रुपयांत दिसतं.

ज्यांना असा भाऊ नव्हता त्यांच्यासाठी वार. १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघालं, आजचं पुणे विद्यार्थी गृह. तिथंही मुलांच्या जेवणाला आधार होता माधुकरीचाच. या पद्धतीनं किती वकील, किती प्राध्यापक घडले याची मोजदाद कुणी केलेली नाही. पुण्याच्या दातृत्वावर लिहिताना लेखक इथं थांबतात आणि डोळे पुसतात. मला तिथं थांबता येत नाही, कारण मी आजोबांना दुसरा प्रश्न विचारला होता: "वार कुणाला मिळायचा?" ते बराच वेळ अडकित्त्याशी खेळत राहिले. मग म्हणाले, "तुम्हांला नसता मिळाला."

उत्तर खरं होतं आणि ते त्यांनी खरं दिलं, म्हणून माझा त्यांच्यावर लोभ जडला. वार हा सोवळ्याच्या आतला व्यवहार. ज्याच्या हातचं पाणी चालतं त्यालाच पान. विद्यापीठाच्या नियमांत जात कुठंच नव्हती; फी भरा, परीक्षेला बसा. ती होती स्वयंपाकघराच्या दारात. पुण्यात शिकण्यासाठी पुण्यात जेवावं लागतं, आणि तिथं कुणब्याच्या, माळ्याच्या, महाराच्या पोराची वाट संपायची. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा आक्षेप. प्राथमिक शिक्षण आधी की विद्यापीठ आधी, हा वाद तेव्हा सुरू झाला तो अजून मिटलेला नाही.

कोल्हापूरला हा प्रश्न शाहू महाराजांच्या पुढ्यात आला. १८९६ साली त्यांनी सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढलं होतं. कागदावर सर्वांसाठी. काही वर्षांत तिथं बहुतेक ब्राह्मण मुलंच उरली, कारण प्रवेश कुणाला हे ठरवणारी माणसं त्याच समाजाची. तेव्हा महाराजांनी पवित्रा बदलला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, मग मुसलमान, लिंगायत. आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. आजही दसरा चौकात उभं राहून मान वळवली की यातल्या दोन-तीन इमारती दिसतात. माझ्या वर्गात दरवर्षी एखादा हुशार मुलगा विचारायचा, की जातवार वसतिगृहं काढून महाराजांनी जात पक्कीच नाही का केली? प्रश्न चांगला आहे. माझं मत असं, की महाराजांनी एकत्र पंगत मांडून पाहिली होती आणि त्या पंगतीत कोण उठवला जातो हेही पाहिलं होतं. आधी प्रत्येकाच्या हक्काचं ताट, पंगत मागाहून.

पण जातीच्या बोर्डिंगातही जात होतीच. जैन बोर्डिंगात राहणारा भाऊराव पाटील नावाचा पोरगा मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेला. परत आल्यावर त्याला सांगण्यात आलं, आंघोळ कर आणि मगच जेवायला बस. त्यानं आंघोळ केली नाही. बोर्डिंगातून काढला गेला. हाच पुढं कर्मवीर झाला. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काल्यात रयत शिक्षण संस्था, आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग. शाहू महाराज जे मागाहून होईल म्हणून थांबले ते भाऊरावांनी त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांत करून टाकलं. १९२७ साली गांधीजी तिथं येऊन गेले. बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने एकामागून एक दिले, शेवटी मंगळसूत्रही. मुलांच्या पंगतीत विटाळ मानणाऱ्या घरात वाढलेली ही बाई. साताऱ्यात तिचं नाव घेताना लोक आजही 'वहिनी' म्हणतात.

१९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, 'कमवा आणि शिका'च्या पायावर. आमचे धाकटे चुलते तिथं दोन वर्षं होते. सकाळी शेतात काम, दुपारी कॉलेज. घरी आले की हात दाखवत. "ह्यो घट्टा भूमितीचा, आन् ह्यो विंग्रजीचा." वाराचा मुलगा आणि कमव्याचा मुलगा यांत मला दिसलेला फरक एवढाच: चुलते भाकरी दुसऱ्यांदा मागायला लाजत नसत. आजोबा ऐंशीचे झाले तरी सुनेकडंही मागत नसत. ताटात बोटानं रेघ ओढत बसत.

माझी स्वतःची पदवी मात्र एसटीनं पास केली. १९७३ साली बी.ए.ला कोल्हापूरला आलो तेव्हा दुष्काळ नुकताच सरला होता. शिवाजी विद्यापीठ निघून अकरा वर्षं झाली होती. विद्यापीठ जवळ आलं, फीला ईबीसीची, म्हणजे आर्थिक मागासांसाठीची, सवलत होती. राहिला पोटाचा प्रश्न. आमचं गाव पन्हाळ्याच्या मागच्या अंगाला. रात्रीची मुक्कामी गाडी पहाटे निघायची. आई चारला उठून भाकरी थापायची, वडील डबा घेऊन पाराजवळ उभे राहायचे, आणि ड्रायव्हरच्या मागच्या कट्ट्यावर गावोगावचे डबे गोळा होत गाडी साडेआठला स्टँडवर लागायची. आमच्या मार्गावर त्याचे पैसे पडत नसत. डबा तीन पुडाचा, अॅल्युमिनियमचा, वरून जुन्या धोतराच्या कापडाची शिवलेली खोळ, खोळीवर तेलरंगात नाव आणि गाव. गाडी लागली की चाळीस-पन्नास पोरं दाराशी. रिकामा डबा दुपारच्या गाडीनं परत. तो धुऊन पाठवायचा असा दंडक होता, नाहीतर आई पुढच्या खेपेला खोळीत राखेची पुडी घालून पाठवी. तिला अक्षर येत नव्हतं. पत्रव्यवहार हा असा.

एकच वेळचं जेवण यायचं, ते दोन वेळांना पुरवायचं. गाडी ब्रेकडाऊन झाली की स्टँडवरच्या गाड्यावर भजी, आणि गाडी संपावर गेली की उपास. पावसाळ्यात वाटेतला ओढा आला की दोन-दोन दिवस काही नाही.

स्टँडवरच एकदा घोळ झाला. माझी खोळ उसवली होती म्हणून आईनं पांढरं कापड बांधलं होतं. शेजारच्या वाडीतल्या एका पोराचाही तसलाच डबा. गर्दीत अदलाबदल झाली. खोलीवर येऊन उघडला तर वरच्या पुडात दोन नाचणीच्या भाकऱ्या, मधल्यात ठेचा, खालचा पूड रिकामा. नुसता रिकामा नव्हे, कोरडा; बरेच दिवस त्यात काही पडलं नसावं. माझ्या डब्यात त्या दिवशी आमरस होता. मी धावत स्टँडवर गेलो, कॉलेजात शोधलं. तो सापडला नाही. दुसऱ्या दिवशी माझा डबा त्यानं कंडक्टरजवळ ठेवला होता. आमरसाचा पूड भरलेला, तसाच, आंबून फसफसलेला. त्यानं हातही लावला नव्हता. त्यानंतर तो गाडीची वेळ टाळून उशिरा डबा न्यायला येऊ लागला. दुसऱ्या वर्षाला तो कॉलेजात दिसला नाही.

हे सगळं मुलांचं. मुलींना वार कधीच नव्हता. ज्या घरात वार असायचा तिथं चुलीपुढं बहुधा आलवण नेसलेली एखादी आत्या किंवा काकू बसलेली असायची, तिच्या हाताखालून हे भावी बी.ए. जेवून जायचे. महर्षी कर्व्यांनी अशाच बायकांसाठी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९१६ साली हिंगण्याला महिलांचं विद्यापीठ. त्यांच्या संस्थेसाठी भाऊबीज म्हणून दारोदार पैसे जमवायची पद्धत पडली. म्हणजे मुलांना झोळी, मुलींना ओवाळणी. मुलींच्या वसतिगृहाचा वाद जेवणापर्यंत आलाच नाही, तो फाटकाशीच अडला. माझी बहीण कोल्हापुरात शिकत होती तेव्हा सातला कुलूप लागायचं. लायब्ररी आठपर्यंत. तो एक तास तिनं तीन वर्षांत कधी पाहिला नाही.

दुसरी वाट सरकारी. बडोद्याच्या महाराजांनी एल्फिन्स्टन कॉलेजातल्या भीमराव आंबेडकरांना महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली होती. बाबासाहेबांनी पुढं बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनं १९२५ साली सोलापूरला वसतिगृह काढलं, आणि १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढलं, पुढचं मिलिंद, तेव्हाही नागसेनवनात वर्गांच्या बरोबरीनं वसतिगृहं आली. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची सुरुवात १९४४ची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते तेव्हाची. वसतिगृहांत तिला 'जीओआय' म्हणतात, भारत सरकारची म्हणून. ती हक्काची आहे, तिच्यासाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. पण ती यायची मार्चमध्ये. जूनपासून मार्चपर्यंत पोरं मेसवाल्याच्या उधारीवर जेवायची. मेसवाला सज्जन असला तर पदवी व्हायची. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव १९७८ साली झाला आणि नाव लागायला १९९४ उजाडलं. त्या सोळा वर्षांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्या काळातल्या दंगलींत गावाकडं घरं जळालेली पोरं वसतिगृहात कशी राहिली आणि त्यांची मेसबिलं कुणी भरली, यावर फार थोडं.

१९८३ साली वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं आणि चित्र पालटलं. आता फीचा आकडाच एवढा की जेवणाचा त्यात कुठंतरी समावेश. परप्रांतांतून पैसेवाली पोरं आली, मेसमध्ये राजमा आला, रविवारची फीस्ट आली, रविवारी रात्री मेस बंद ठेवायचा रिवाजही पडला. मेसवरची भांडणंही त्यांचीच मोठी. पोळीचा आकार लहान झाला म्हणून निवेदन देणारी मुलं मी पाहिली आहेत आणि मला ती आवडली. वाराच्या मुलाला असलं निवेदन सुचलं नसतं.

२०१८ सालच्या जुलैत पुण्याहून आदिवासी वसतिगृहांतली मुलं पायी नाशिकच्या आदिवासी आयुक्तालयाकडं निघाली. सरकारनं ठरवलं होतं की वसतिगृहातली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे मुलांच्या खात्यात भरायचे. त्याआधीच समाजकल्याणची स्वाधार योजना आली होती, वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांना राहण्या-खाण्याचे पैसे देणारी. वर्तमानपत्रांत दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, ठेकेदार मधल्यामधे खातो, पैसे थेट मिळाले तर मुलं हवं ते हवं तिथं खातील, त्यांच्यावर विश्वास ठेवा. मुलं म्हणत होती, आम्हांला ताट पाहिजे. त्यांना पोलिसांनी वाटेत अडवलं. सुशिक्षित मंडळींना मोठं आश्चर्य वाटलं: रोख पैसे नको म्हणणारी ही कसली पोरं?

मी निवृत्त झालो होतो. आमच्या वसतिगृहातून गेलेला एक जण आता सरकारी खात्यात आहे, त्याचा फोन आला. "सर, तुम्ही इतकी वर्षं मेस बघितली. तुम्हांला काय वाटतं?"

मला नव्वद सालानंतरचा एक मेंबर आठवला. कुणाच्या शेतावर सालगडी असलेल्या माणसाचा मुलगा. त्याला जेवणापुरती मदत मिळायची ती थेट मेसमध्ये जमा व्हायची. त्याच्या नावापुढं दर महिन्याला खाडे: तीन, सहा, तीन, नऊ. गावाला जातो सांगायचा. बिल आधीच भरलेलं, म्हणून खाड्यांचे पैसे त्याला रोख परत मिळत. एका रात्री अकरा वाजता मी अभ्यासिकेचे दिवे बंद करायला गेलो तर हा शेवटच्या बाकावर, गावाला गेलेला. समोर वहीच्या कागदावर दोन केळी आणि पाव. मी काही बोललो नाही, तोही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पोस्टमन म्हणाला, हा पोरगा महिन्याच्या चार तारखेला नेमानं मनिऑर्डर करतो हो सर, चाळीस कधी, साठ कधी. बहिणीच्या नावानं, ती दहावीला होती.

कडधान्याची उसळ, दोन पोळ्या, भात आणि आमटी. हे पोटात गेलं तर त्याचं, आणि हातात आलं तर घरादाराचं. मी त्या महिन्यापासून खाड्यांचे रोख पैसे देणं बंद केलं. माझ्यावर मुलं चिडली, मेसमध्ये दोन दिवस ताटं वाजली. त्याच्याशी नजर मिळवायला मला पुढं बरेच महिने लागले, कारण त्याच्या बहिणीचं पुढं काय झालं हे विचारण्याची माझी छाती झाली नाही.

फोनवर हे सगळं सांगता येईना. जुनी रजिस्टरं मी रद्दीत जाऊ दिली नव्हती. माळ्यावरून त्या वर्षाचं रजिस्टर उतरवलं, पान शोधलं, त्या मुलाच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवून झेरॉक्स काढली आणि फोन करणाऱ्याला पोस्टानं पाठवली.